जुन्या स्कूटरला पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन: आत नेमकं काय बदलतं

थंड गाडी पहिल्या किकला सुरू होते. वीस मिनिटं झकास चालते. मग एखाद्या चढावर मिस मारायला लागते, फट् फट् करते आणि बंद पडते. अर्धा तास थांबलं की पुन्हा काही झालंच नव्हतं अशी चालू. जुनी टू-स्ट्रोक स्कूटर वापरणाऱ्या प्रत्येकाने हा अनुभव कधी ना कधी घेतलेला असतो. प्लग बदलून होतो, पॉइंट घासून होतात, कंडेन्सर नवा टाकून होतो आणि शेवटी माणूस म्हणतो, आता इलेक्ट्रॉनिकच करून टाकू.

निर्णय बहुतेक वेळा बरोबर असतो, पण त्यामागचं कारण चुकीचं असतं. ‘इलेक्ट्रॉनिकने ठिणगी जोरात पडते, गाडी पळते’ असा समज सगळीकडे आहे. ठिणगीत फरक पडतो हे खरं आहे. पण माझ्या मते खरा फायदा टायमिंगचा आहे. एकदा लावलेलं टायमिंग हजारो किलोमीटर जागेवर राहतं. हे नीट समजलं तर किट कुठलं घ्यायचं, बसवताना कुठे घाई करायची नाही आणि बसवल्यावर काय तपासायचं, हे सगळं आपोआप उलगडत जातं. म्हणून आधी टायमिंग.

ठिणगी पडली की पेट्रोल-हवेचं मिश्रण एका क्षणात पेटत नाही. ज्योत प्लगपासून सुरू होऊन चेंबरभर पसरते आणि त्याला वेळ लागतो. दाब सर्वांत जास्त व्हायला हवा तो पिस्टन वरच्या टोकावरून नुकताच खाली यायला लागल्यावर. म्हणून ठिणगी त्याच्या आधीच पाडावी लागते, पिस्टन अजून वर चढत असताना. किती आधी, ते क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या, अंशांत मोजतात. व्हेस्पा पीएक्स १२५ आणि १५० च्या इलेक्ट्रॉनिक मॉडेलना कंपनीने १८ अंश दिले, २०० सीसीच्या पी२००ई ला २३. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल तर १८ अंश म्हणजे सेकंदाचा दोन-हजारावा भाग. एक अंश तर सेकंदाच्या छत्तीस-हजाराव्या भागात निघून जातो.

ठिणगी उशिरा पडली तर ताकद कमी होते, मिश्रण जळत जळतच बाहेर पडतं आणि सायलेन्सर तापतो. लवकर पडली तर जास्त वाईट. वर येणाऱ्या पिस्टनवरच स्फोटाचा मार बसतो, पिस्टनचा माथा तापतो, धातू मऊ पडतो आणि शेवटी भोक पडतं. भोक पडलेला पिस्टन हातात घेऊन पाहिला की टायमिंगचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. भोकाच्या कडा मेणासारख्या वितळून आत वळलेल्या असतात.

आता एवढी नाजूक वेळ पॉइंट कशी सांभाळतात ते बघू.

स्कूटरच्या एका बाजूला पंख्याची पाती असलेलं जे जड चाक फिरतं, ते फ्लायव्हील. गॅरेजमध्ये त्याला मॅग्नेटच म्हणतात, कारण आतल्या बाजूला चुंबक बसवलेले असतात. त्याच्या पोटात एक प्लेट स्थिर असते आणि तिच्यावर कॉइली. चुंबक कॉइलीवरून फिरले की तारेत वीज तयार होते. दिव्यांची कॉइल वेगळी, इग्निशनची वेगळी. बॅटरी नसली तरी चालतं, किक मारली की वीज तयार. मॅग्नेटोची ही कल्पना खूप जुनी आहे. रॉबर्ट बॉश यांनी १८८७ मध्ये जागेवर उभ्या असणाऱ्या इंजिनासाठी मॅग्नेटो बनवला आणि १९०२ मध्ये त्यांच्याच कारखान्यातल्या गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला. स्कूटरमध्ये जे फिरतं ते त्याच घराण्यातलं.

पॉइंट म्हणजे साधा स्विच. धातूच्या दोन टिकल्या स्प्रिंगने एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात. फ्लायव्हीलच्या मधल्या नळीवर एक उंचवटा असतो, तो कॅम. पॉइंटच्या हाताला फायबरची टाच असते. दर फेऱ्याला कॅम त्या टाचेला ढकलतो आणि टिकल्या उघडतात. टिकल्या बंद असतात तोवर इग्निशन कॉइलमधला प्रवाह त्यांच्यातून अर्थला, म्हणजे इंजिनाच्या धातूला, जात राहतो, म्हणजे कॉइल स्वतःतच शॉर्ट झालेली असते. प्रवाह ऐन भरात असताना पॉइंट उघडतात आणि प्रवाहाची वाट अचानक तुटते. वाहतं पाणी एकदम अडवलं की नळाला जसा दणका बसतो, तसा विजेचा दणका तयार होतो, दोन-तीनशे व्होल्टचा. तो बाहेरच्या एचटी (हाय टेन्शन) कॉइलमध्ये जातो, तिथे कित्येक पटींनी वाढून हजारो व्होल्ट होतो आणि प्लगच्या फटीत उडी मारतो.

कंडेन्सर काय करतो? पॉइंट उघडताना तोच दणका प्लगऐवजी पॉइंटच्या फटीतूनच उडी मारू पाहतो, कारण ती फट अजून केसाएवढी असते. कंडेन्सर तो पहिला लोंढा क्षणभर स्वतःत घेतो. तेवढ्यात फट रुंदावते आणि दणक्याला एचटी कॉइलकडे जाण्यावाचून वाट उरत नाही. कंडेन्सर खराब झाला की पॉइंटवर निळ्या ठिणग्या दिसतात, टिकल्या जळून काळ्या पडतात आणि प्लगला मिळणारा करंट, म्हणजे ठिणगी, पिवळा, मलूल होतो. कंडेन्सर बसतो फ्लायव्हीलच्या पोटात, तापलेल्या इंजिनाला खेटून. आतलं इन्सुलेशन गरम झाल्यावर गळायला लागतं आणि थंड झाल्यावर सावरतं. चढावर बंद पडून अर्ध्या तासाने चालू होणाऱ्या गाडीत पहिला संशय त्याच्यावर घ्यायचा तो यासाठी.

पॉइंटच्या बाबतीत सहसा कुणी समजावून न सांगितलेली एक गोष्ट आहे. पॉइंट उघडण्याच्या क्षणी एकाच वेळी दोन अटी पाळायच्या असतात. पिस्टन बरोबर जागी हवा, आणि फ्लायव्हीलचे चुंबक कॉइलसमोर अशा जागी हवेत की प्रवाह शिखरावर असेल. गॅप, म्हणजे टिकल्या उघडल्यावर पडणारी फट, बदलला की उघडण्याचा क्षण सरकतो, म्हणजे टायमिंग तर बदलतंच, शिवाय चुंबकांशी जमलेलं गणितही बिघडतं आणि करंट कमी पडतो. उलट अख्खी प्लेट फिरवली तर कॉइल आणि पॉइंट दोन्ही एकत्र सरकतात, चुंबकांशी नातं तसंच राहतं आणि फक्त टायमिंग बदलतं. म्हणून क्रम ठरलेला: आधी फिलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांनी, गॅप, बहुतेक स्कूटरना ०.४ मिलिमीटरच्या आसपास, आणि मग प्लेट फिरवून टायमिंग. गॅप कमीजास्त करून टायमिंग जुळवणाऱ्यांच्या गाड्या सुरू होतात, पण कधीच नीट चालत नाहीत.

हे सगळं कितीदा घडतं? टू-स्ट्रोकमध्ये दर फेऱ्याला एक ठिणगी. ६००० फेऱ्यांना सेकंदाला शंभर. तासभर त्याच गतीने गेलात तर ३ लाख ६० हजार वेळा ती टाच कॅमवर घासते आणि त्या टिकल्या आपटतात. टाच झिजली की पॉइंट उशिरा उघडतात, टायमिंग मागे पडतं. टिकल्यांवर एका बाजूला खड्डा आणि दुसरीकडे टेकाड तयार होतं, मग फिलर गेज खोटं सांगतं, कारण पाती टेकाडावर टेकते आणि खरी फट तिला कळतच नाही. क्रँकच्या बेअरिंगमध्ये खेळ आला असेल तर कॅमच डगमगतो आणि प्रत्येक फेऱ्याला वेगळ्या क्षणी ठिणगी पडते. स्ट्रोब लाइट, म्हणजे प्रत्येक ठिणगीबरोबर लखलखणारा दिवा, मारला की फ्लायव्हीलवरची खूण एका जागी न दिसता थरथरताना दिसते.

पॉइंटवाली गाडी वाईट नाही, हेही इथेच सांगतो. बेअरिंग चांगल्या असतील, पॉइंट आणि कंडेन्सर दर्जेदार असतील, कॅमला घासणाऱ्या लोकरीच्या पट्टीवर थेंबभर ग्रीस असेल तर ती वर्षभर कुरकुर करत नाही. दर काही महिन्यांनी तिच्याकडे बघावं लागतं, एवढंच.

इलेक्ट्रॉनिकमध्ये ही यांत्रिक झीज संपते. स्कूटरवर जी पद्धत रुळली ती सीडीआय, म्हणजे कपॅसिटर डिस्चार्ज इग्निशन. व्हेस्पात १९७२ च्या रॅली २०० वर इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं, १९७६ च्या प्रिमावेरा ईटी३ च्या नावातलं ‘ई’ इलेक्ट्रॉनिकचंच, आणि १९७७ च्या पी२००ई चंही. लँब्रेटाच्या २०० सीसी डीएल मॉडेललाही ती बनवणाऱ्या इनोचेंती कंपनीने कारखाना बंद होण्याआधी इलेक्ट्रॉनिक रूप दिलं होतं. म्हणजे आज आपण जे बसवतो ते काही उपरं यंत्र नाही. त्याच इंजिनांच्या पुढच्या पिढीत कंपनीनेच केलेली ती सुधारणा आहे.

सीडीआयचं काम गोफणीसारखं चालतं. प्लेटवरच्या कॉइलमध्ये तयार झालेली वीज लगेच वापरायची नाही, एका कपॅसिटरमध्ये साठवायची, साधारण दोनशे ते चारशे व्होल्टपर्यंत. मग बरोबर क्षणी सगळी एकदम सोडायची. सोडणारा स्विच म्हणजे थायरिस्टर नावाचा अर्धवाहक. त्याला हलणारा भाग नाही, टिकल्या नाहीत, टाच नाही. ‘आता सोड’ हा इशारा देते छोटी पिकअप कॉइल. फ्लायव्हीलवरची ठरावीक जागा तिच्यासमोरून गेली की तिच्यात व्होल्टेजचा छोटासा झटका येतो, थायरिस्टर उघडतो, कपॅसिटर एचटी कॉइलमध्ये रिकामा होतो आणि प्लगवर ठिणगी पडते. फ्लायव्हील पिकअपला शिवतसुद्धा नाही. शिवत नाही म्हणून झिजत नाही, आणि झिजत नाही म्हणून टायमिंग हलत नाही.

ठिणगीच्या जातीतही फरक आहे. पॉइंटची ठिणगी तुलनेने सावकाश वर चढते आणि जास्त वेळ टिकते. सीडीआयची अगदी झटक्यात चढते आणि लगेच संपते. टू-स्ट्रोकमध्ये तेल जळतं, प्लगवर काजळी आणि तेलाचा थर बसतो आणि त्यातून वीज गळते. दाब सावकाश चढत असेल तर ठिणगी उडण्याआधीच बरीच वीज त्या थरातून पळून जाते. झटक्यात चढला तर गळायला सवडच मिळत नाही. इलेक्ट्रॉनिक केल्यावर प्लग ओला झालेली गाडीही सुरू होते, त्याचं कारण हे आहे.

आता किट. इथे माणसं सर्वांत जास्त फसतात. जुनी प्लेट आणि जुनं फ्लायव्हील तसंच ठेवून फक्त सीडीआयचा डबा लावता येईल, असं वाटतं. तसं होत नाही. पॉइंटच्या इग्निशन कॉइलला प्रवाह हवा असतो, म्हणून तिच्यात जाड तारेचे मोजके वेढे असतात आणि रोध अगदी थोडा. सीडीआयच्या कॉइलला दाब हवा असतो, म्हणून केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात. पीएक्सच्या प्लेटवर हिरव्या आणि पांढऱ्या तारेत मल्टिमीटर लावला तर सुमारे ५०० ओहम दिसतात, आणि लाल-पांढऱ्यात म्हणजे पिकअपमध्ये सुमारे ११०. एकीच्या जागी दुसरी चालणार नाही. फ्लायव्हीलचंही तेच, पॉइंटच्या फ्लायव्हीलला कॅम असतो, इलेक्ट्रॉनिकच्या फ्लायव्हीलला पिकअपला इशारा देणारी जागा. एचटी कॉइलही वेगळी. पीएक्समध्ये तर ती आणि सीडीआय एकाच डब्यात असतात. म्हणून फ्लायव्हील, प्लेट आणि सीडीआय एकमेकांसाठी बनलेली, एका संचातली घ्यावी. तीन ठिकाणचे तुकडे जोडून केलेली इग्निशन कधी कधी चालते, पण तिचं टायमिंग कुठे आहे हे सांगणं अवघड होऊन बसतं.

त्याहून मोठा प्रश्न आहे क्रँकच्या टोकाचा. फ्लायव्हील ज्या टोकावर बसतं ते निमुळतं असतं, शंकूसारखं. हा शंकू प्रत्येक मॉडेलला सारखा नाही. लँब्रेटाच्या जीपी मालिकेचा शंकू आधीच्या एलआय मालिकेपेक्षा जाड आहे. छोट्या व्हेस्पांमध्ये १९ आणि २० मिलिमीटर अशा दोन जाती आहेत. पीएक्सच्या आधीच्या कित्येक मोठ्या व्हेस्पांवर पीएक्सचं फ्लायव्हील थेट बसत नाही. त्यामुळे किट घेण्याआधी आपल्या गाडीचा क्रँक कुठला आहे ते उघडून, मोजून बघावं. इंजिन क्रमांकावर विसंबू नये, कारण पन्नास वर्षांत त्या इंजिनात कुणी काय घातलं असेल सांगता येत नाही. शंकू जुळत नसेल तर दोन वाटा उरतात: जुन्या शंकूसाठीच बनवलेलं किट शोधायचं, किंवा इंजिन उघडून क्रँक बदलायचा. बेअरिंग आणि क्रँक तसेही संपत आले असतील तर दुसरी वाट चांगली. नुसत्या इग्निशनसाठी ठणठणीत इंजिन फोडू नये असं माझं मत आहे.

जुनं फ्लायव्हील काढायला पुलर, म्हणजे ते ओढून काढायचं हत्यार, तोच वापरायचा. काही फ्लायव्हीलमध्ये नटच्या वर सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) असते, तिथे नट सोडत गेलं की तोच फ्लायव्हीलला बाहेर ढकलतो. हातोडा मारायचा नाही, मागून स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायचं नाही. चुंबक दणक्याने कमजोर होतात आणि क्रँकचं टोक वाकलं तर सगळाच खेळ संपतो.

फ्लायव्हील निघालं की आत बोट फिरवून बघा. काळं, ओलं, पेट्रोलच्या वासाचं तेल दिसलं तर त्या बाजूचं ऑइल सील गेलेलं आहे. ही तपासणी टाळू नका. टू-स्ट्रोकच्या क्रँककेसमध्ये मिश्रण आधी येतं, मग सिलिंडरमध्ये जातं, त्यामुळे सील गळलं की तिथून हवा आत ओढली जाते, मिश्रण विरळ होतं आणि पिस्टन तापतो. पॉइंटवर तेल उडून करंट जातो तो वेगळाच. ‘पॉइंट सारखे खराब होतात’ म्हणून इलेक्ट्रॉनिक करायला निघालेल्या कितीतरी गाड्यांचा खरा रोग हे सील असतं. इलेक्ट्रॉनिक बसवलं की करंट सुधारतो, रोग झाकला जातो आणि मग एके दिवशी पिस्टन जाम होतो. फ्लायव्हील एवीतेवी निघालेलंच आहे, सील बदलून टाका.

नवं फ्लायव्हील बसवताना शंकू आणि त्याचं भोक दोन्ही पेट्रोलने पुसून कोरडं करायचं. तेल नको, ग्रीस तर मुळीच नको. अर्धचंद्राच्या आकाराची ती छोटी चावी फ्लायव्हीलला धरून ठेवत नाही. तिचं काम फक्त बसवताना जागा दाखवण्याचं. धरून ठेवते ती दोन शंकूंमधली घट्ट पकड. पकड सुटली तर चावी एका झटक्यात कापली जाते, फ्लायव्हील क्रँकवर फिरतं आणि खाचेचं वाटोळं होतं. म्हणून नट टॉर्क रेंचने, पुस्तकात दिल्याएवढा आवळायचा. पीएक्सला तो ६० ते ६५ न्यूटन-मीटर आहे. बसवण्याआधी शंकूवर मार्करची रेघ ओढा, फ्लायव्हील नुसतं दाबून थोडं हलवा आणि काढून बघा. शाई सगळीकडे सारखी पुसली असेल तर बैठक चांगली. एकाच कडेला पुसली असेल तर शंकू जुळत नाही, किंवा चावी वर उचलली जाऊन अडते आहे.

वायरिंग दिसतं तेवढं अवघड नाही, पण एक चूक किट जाळते. सीडीआयमध्ये गाडी बंद करायची ती कॉइलची तार, व्हेस्पात हिरवी, अर्थला टेकवून. मॅग्नेटोच्या जुन्या गाडीतही स्विच अर्थलाच टेकवतो, तिथे काही बदलावं लागत नाही. पण बॅटरी-कॉइलवर चालणाऱ्या जुन्या स्कूटरमध्ये इग्निशन स्विच उलटा असतो, चावी फिरवली की तो करंट देतो. ती तार सवयीने सीडीआयच्या हिरव्या टोकाला जोडली की बॅटरीचा करंट थेट डब्यात जातो आणि डबा मेला. जोडण्याआधी त्या तारेवर मल्टिमीटर लावून बघा, चावी चालू असताना व्होल्ट दिसले तर ती तार इथली नाही. दुसरं, अर्थ. रंगवलेल्या चेसिसवर रंगासकट बोल्ट आवळला तर अर्थ मिळत नाही. रंग खरवडून चकचकीत धातू दिसू द्या आणि इंजिनपासून चेसिसपर्यंत एक वेगळी जाड तार टाका. आणि प्लग बाहेर काढून करंट बघताना तो इंजिनाला नीट टेकवून ठेवा. कॅप मोकळी लोंबत ठेवून किक मारली की दाबाला वाट मिळत नाही आणि तो सीडीआयच्याच आत फुटतो. शिवाय त्या हिरव्या तारेत किक मारताना शंभरावर व्होल्ट असतात, हात लावू नका.

दिवे हा वेगळा विषय, थोडक्यात सांगतो. जुन्या प्लेट बहुतेक ६ व्होल्टच्या, नव्या १२ च्या. म्हणजे सगळे बल्ब, हॉर्न आणि सोबत रेग्युलेटर बदलायचा. एक जरी ६ व्होल्टचा बल्ब राहिला तर पहिल्याच रेसला उडतो. रेग्युलेटरचा अर्थ कच्चा असेल तर सगळेच उडतात.

आता मी सुरुवातीला ज्यासाठी एवढा आग्रह धरला ते, टायमिंग लावणं. प्लेटवर आणि केसिंगवर खुणा असतात, त्या जुळवल्या की झालं असं समजून मी माझ्या पहिल्या गाडीला स्ट्रोब लावलाच नव्हता. गाडी सुंदर चालली, नेहमीपेक्षा तरतरीत वाटली. तिसऱ्या आठवड्यात मोकळ्या रस्त्यावर जाम झाली. नंतर मोजलं तर ठिणगी हवी त्यापेक्षा पाच अंश आधी पडत होती. ती तरतरी म्हणजे पिस्टनवर बसणारा मार होता. खुणा ज्या क्रँकसाठी, ज्या फ्लायव्हीलसाठी असतात त्यातलं काहीही बदललं की खुणांना अर्थ उरत नाही, हे तेव्हा समजलं.

खरी पद्धत अशी. आधी पिस्टनचं वरचं टोक शोधायचं. प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप घाला, म्हणजे पिस्टनला वर जाण्याआधीच अडवणारी आटेवाली दांडी. फ्लायव्हील हाताने एका दिशेला अडेपर्यंत फिरवा, केसिंगवरच्या एका ठरलेल्या खुणेसमोर फ्लायव्हीलवर रेघ मारा. उलट दिशेला अडेपर्यंत फिरवा, दुसरी रेघ. दोन्हींच्या बरोबर मध्ये वरचं टोक, तिथे वरच्या टोकाची रेघ मारा. नुसता स्क्रूड्रायव्हर घालून ‘इथेच वर असावा’ असं ठरवू नका. वरच्या टोकाजवळ क्रँक कितीतरी अंश फिरला तरी पिस्टन हललेला जाणवत नाही.

मग अंश मोजायचे. कोनमापक तबकडी असेल तर उत्तम, नसेल तर फ्लायव्हीलचा व्यास मोजा. समजा तो १८० मिलिमीटर भरला. परीघ साधारण ५६५, त्याला ३६० ने भागलं की एक अंश म्हणजे १.५७ मिलिमीटर. १८ अंश म्हणजे कडेवरून २८ मिलिमीटर आणि थोडं. लवचीक पट्टीने कडेवरून मोजा, सरळ पट्टीने नाही. एवढ्या अंतरावर नवी रेघ अशा बाजूला मारायची की फ्लायव्हील चालत्या दिशेने फिरताना ती वरच्या टोकाच्या रेघेआधी केसिंगच्या खुणेसमोर येईल. फिरण्याची दिशा किक हळू दाबून डोळ्यांनी बघून घ्या. या रेघेवर पांढरा रंग लावा.

स्ट्रोब लाइटला १२ व्होल्टची वेगळी बॅटरी जोडा, लाइटचा चिमटा प्लगच्या वायरवर, बाण प्लगकडे. संध्याकाळी उजेड कमी झाल्यावर हे काम करायला मला आवडतं. गाडी सुरू करून स्ट्रोब फ्लायव्हीलवर धरला की पंख्याची पाती, जी मघापर्यंत नुसता धूसर गोल होती, एकदम उभी राहतात. हजारो फेरे घेणारं चाक डोळ्यांसमोर थांबल्यासारखं दिसतं आणि ती पांढरी रेघ केसिंगच्या खुणेजवळ स्थिर उभी असते. पॉइंटवर थरथरणारी रेघ पाहिलेली असेल तर हा फरक बघून मन भरतं.

रेघ खुणेपर्यंत पोचायच्या आधीच प्रकाश पडत असेल तर ठिणगी लवकर आहे. खुणेच्या पुढे गेल्यावर पडत असेल तर उशिरा. गाडी बंद करा, प्लेटचे स्क्रू सैल करा. फ्लायव्हील ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेला प्लेट सरकवली की ठिणगी उशिरा, उलट दिशेला सरकवली की लवकर. अगदी थोडं सरकवा, आवळा, फ्लायव्हील बसवा, पुन्हा बघा. तीन-चार फेऱ्यांत जमतं. आणि फक्त आयडलवर बघून समाधान मानू नका. रेस वाढवून, जिथे इंजिनावर खरा भार येतो त्या फेऱ्यांवर, रेघ कुठे जाते ते बघा. काही सीडीआय वेग वाढला की टायमिंग मुद्दाम मागे नेतात, काही स्थिर ठेवतात. आपला कुठला आहे हे किटच्या कागदात असतं आणि अंशही त्यातलेच घ्यायचे, जुन्या पॉइंटच्या पुस्तकातले नाहीत.

प्लगच्या फटीचं सांगायचं राहिलं. पीएक्सला ती ०.६ मिलिमीटर असते. प्लग कॅप रोध असलेली वापरा.

फ्लायव्हील न बदलता पॉइंटच्या जागी बसणारे छोटे मॉड्यूलही मिळतात, गवत कापायच्या यंत्रांच्या इंजिनात वापरतात तसले. ते कॉइलमधला प्रवाह शिखरावर आला की स्वतःच तोडतात. पण शिखर नेमकं कधी येईल हे चुंबक ठरवतात, तुम्ही नाही. त्यामुळे ठिणगी पडते पण टायमिंग जुळेलच असं नाही. स्ट्रोबने तपासायची तयारी असेल तरच त्या वाटेने जा. बॅटरी-कॉइलच्या गाड्यांसाठी ट्रान्झिस्टर वापरणारी वेगळी किट असतात, तिथे पॉइंटचं काम सेन्सर करतो आणि बाकी बरंचसं तसंच राहतं. त्या गाड्यांना मी तीच सुचवतो.

सीडीआयचा एक दोष मान्य करायला हवा. पॉइंट बिघडताना आधी कुरबुर करतात, आणि रस्त्याच्या कडेला पॉलिश पेपरच्या तुकड्याने घासून घरी येता येतं. सीडीआय जातो तेव्हा अचानक जातो आणि त्याला उघडून काही करता येत नाही. म्हणून लांबच्या प्रवासाला जादा सीडीआय डिकीत ठेवावा. प्लेटवरच्या तारांकडेही लक्ष असू द्या. सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक प्लेटांवरच्या तारांचं रबर उष्णतेने आणि तेलाने कडक होऊन गळून पडतं, आणि उघड्या तारा एकमेकींना टेकल्या की गाडी बंद. जुनी प्लेट मिळाली असेल तर बसवण्याआधी तारा बदलून घ्या आणि मघाचे ते ओहम मोजून कागदावर लिहून ठेवा. पुढे कधी रस्त्यात करंट गेला तर फ्लायव्हील न काढता, जोडणीच्या डब्यातल्या तारा सोडवून तेच आकडे पुन्हा मोजता येतात. आकडे बरोबर आले तर प्लेट चांगली, सीडीआय गेला. हिरव्या-पांढऱ्यात काहीच आलं नाही तर कॉइल तुटली.

जुनी प्लेट, जुनं फ्लायव्हील, कॉइल सगळं तेलाचा हात फिरवून, कागदात गुंडाळून ठेवा. उद्या मूळ रूपात गाडी आणायची झाली तर तिच्याबरोबर पन्नास वर्षं फिरलेलं फ्लायव्हील पुन्हा मिळत नाही.

पहिले शंभर किलोमीटर झाले की फ्लायव्हीलचा कव्हर काढा. नटला पुन्हा टॉर्क रेंच लावून बघा, प्लेटचे स्क्रू बघा, प्लगचा रंग बघा. विटकरी-तपकिरी असेल तर छान. पांढराफटक असेल तर कार्ब्युरेटर आणि सील आधी तपासा, मगच गाडी बाहेर काढा. शेवटी स्ट्रोब पुन्हा एकदा मारा. रेघ होती तिथेच असेल, आणि तसं असेल तर कव्हर लावून टाका.